शेतरस्त्यावरील वाहनांचे टायर : निवड, हवा आणि निगा

कीड व्यवस्थापनाची शिफारस कितीही अचूक असली, तरी ती योग्य वेळी शेतापर्यंत पोहोचली नाही तर तिचा उपयोग उरत नाही. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण घ्यावे. २०१८ च्या मे महिन्यात ही कीड भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. तिची अंडी दोन ते तीन दिवसांत उबतात. ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक केवळ अंड्यांवरच उपजीविका करतो. अळी बाहेर पडल्यावर तो निष्प्रभ ठरतो. शिवाय ट्रायकोकार्डातील प्रौढ ठरावीक वेळी बाहेर पडतातच. वाहन वाटेत पंक्चर होऊन थांबले, म्हणून ते थांबत नाहीत. भर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत चार तास गेले, तर कार्ड शेतात लावण्याआधीच वाया जाण्याची शक्यता असते. म्हणूनच टायर हा केवळ वाहनचालकाचा विषय नाही. सर्वेक्षणाची जीप, कृषी सहायकाची दुचाकी, शेतकऱ्याचा पिकअप किंवा ट्रॅक्टर यांच्या टायरकडे फवारणी पंपाच्या नोझलइतक्याच काळजीने पाहिले पाहिजे.

बेंगळुरूहून निघालेल्या सर्वेक्षणाच्या वाहनाला दोन-तीन दिवसांत अनेक प्रकारच्या जमिनींवरून जावे लागते. कोलार व चिक्कबळ्ळापूरकडे लाल माती, मुरूम आणि ग्रॅनाइटची अणकुचीदार खडी. तर उत्तरेकडे विजयपुरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरेपर्यंत खोल काळी जमीन. मधले अंतर गुळगुळीत महामार्गाचे. या साऱ्यांना एकाच दाबाची हवा आणि एकाच पद्धतीचे वाहनचालन मानवत नाही. टायरची निवड तीन-चार वर्षांतून एकदा करावयाची असते. हवेचा दाब मात्र जमीन आणि भार यांनुसार वारंवार बदलावा लागतो. या दोहोंत दुर्लक्ष होते ते दुसऱ्याकडे, आणि शेतरस्त्यावरील बहुतेक अडचणींचे मूळही तेथेच असते.

टायरवरील अक्षरे वाचावीत

नवा टायर घेताना किंमत विचारण्याआधी त्याच्या बाजूवरील मजकूर वाचावा. समजा, त्यावर ‘२१५/७५ आर १५, १०० एस’ असे लिहिले आहे. यातील २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये असते. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, अर्थात सुमारे १६१ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. पुढचा १०० हा भारांक. त्याचा अर्थ पूर्ण दाबाच्या हवेत एक टायर ८०० किलो भार पेलू शकतो. भारांक ९१ असेल, तर ही क्षमता ६१५ किलो राहते. शेवटचे ‘एस’ हे अक्षर ताशी १८० किलोमीटर ही वेगमर्यादा दाखवते. शेतरस्त्यावर वेगमर्यादेपेक्षा भारांक अधिक महत्त्वाचा असतो. वाहन उत्पादकाने सुचविलेल्या भारांकापेक्षा कमी भारांकाचा टायर, तो कितीही स्वस्त मिळाला तरी, बसवू नये.

खडबडीत रस्त्यावर बाजूची उंची उपयोगी पडते. खड्ड्याचा धक्का उंच बाजू झेलते. कमी उंचीच्या टायरमध्ये तोच धक्का थेट रिमला बसतो आणि रिम वाकते. त्यामुळे शोभेसाठी मोठी रिम व चपटा टायर बसवणे शेतरस्त्यावरील वाहनाला परवडणारे नाही. त्याचप्रमाणे मूळ आकारापेक्षा बराच मोठा टायर बसवल्यास वळणावर तो मडगार्डला घासतो आणि वेगदर्शक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या वाहनात चारही टायर एकाच आकाराचे व जवळपास सारख्या झिजेचे असावेत. अन्यथा शक्ती वाटणाऱ्या गिअरांवर अनावश्यक ताण येतो.

टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. ‘३२२३’ याचा अर्थ २०२३ सालातील ३२ व्या आठवड्यात टायर तयार झाला. हा आकडा पाहणे अत्यंत आवश्यक आहे. संस्थांची अनेक वाहने हंगामात धावतात आणि उरलेले महिने उन्हात उभी असतात. अशा वाहनांचे टायर अंतराने झिजण्याआधी वयाने म्हातारे होतात. ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर कडक होते आणि बाजूवर बारीक भेगा पडू लागतात. नक्षी शिल्लक आहे, म्हणून असा टायर वापरत राहणे धोक्याचे असते. पाच वर्षे झाल्यानंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा आणि खोल भेगा दिसताच तो बदलावा.

जमीन तशी नक्षी

नक्षीच्या दृष्टीने टायरचे तीन प्रकार बाजारात मिळतात. एचटी म्हणजे पक्क्या रस्त्याचा टायर. त्याच्या खाचा अरुंद असतात, आवाज कमी येतो आणि इंधन वाचते. एटी म्हणजे पक्का व कच्चा अशा दोन्ही रस्त्यांचा टायर. त्याचे ठोकळे मोठे, खाचा रुंद आणि बाजू सहसा अधिक मजबूत असते. एमटी हा चिखलासाठी केलेला टायर. त्याचे ठोकळे एकमेकांपासून दूर असल्याने चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. मात्र डांबरी रस्त्यावर तो गोंगाट करतो, लवकर झिजतो आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर त्याची पकड कमी पडते.

ज्या वाहनाचा बहुतांश प्रवास महामार्गावर आणि थोडा पाणंद रस्त्यावर होतो, त्याला एटी प्रकार योग्य ठरतो. मुरूम आणि खडी यांच्या लाल मातीच्या प्रदेशात टायरला धोका असतो तो कापला जाण्याचा. तेथे नक्षीपेक्षा बाजूची मजबुती पाहावी. काळ्या जमिनीत प्रश्न वेगळा असतो. ओली काळी माती टायरच्या खाचांत गच्च भरते आणि काही फेऱ्यांतच कोणतीही नक्षी गुळगुळीत होऊन जाते. येथे टायर बदलून फारसा लाभ होत नाही. शेतकऱ्याला ठाऊक असलेला नियमच चालकालाही लागू पडतो : वाफसा आल्याशिवाय जमिनीत चाक घालू नये. पाऊस उघडून रस्ता पुरेसा वाळेपर्यंत गाडी पक्क्या रस्त्यावर उभी करावी आणि पुढचे अंतर पायी जावे. यामुळे वाहन रुतत नाही आणि शेतकऱ्याची वाटही खोल चाकोऱ्या पडून खराब होत नाही.

हवेचे गणित

वाहनाचा भार मुख्यतः टायरमधील हवा पेलते. रबर त्या हवेला धरून ठेवते. म्हणून टायरचा जमिनीशी होणारा संपर्क ढोबळमानाने भार भागिले दाब इतका असतो. एका चाकावर ५०० किलो भार आहे असे समजू. हवा ३५ पीएसआय असेल, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.४६ किलो होतो आणि संपर्काचे क्षेत्र सुमारे २०३ चौरस सेंटिमीटर येते. हवा २५ पीएसआय केली, तर हेच क्षेत्र सुमारे २८४ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे ४० टक्क्यांनी वाढते. भार तोच, टायरही तोच. पण जमिनीवर पडणारा दाब कमी झाल्यामुळे वाळू किंवा मऊ मातीत चाक कमी रुतते. हवा कमी केल्यावर टायर रुंद होण्यापेक्षा लांबीने अधिक पसरतो. मऊ जमिनीत पकड वाढते ती मुख्यतः या लांबीमुळे.

पण या लाभाची किंमत असते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत अधिक वाकतो आणि वाकण्यातून उष्णता निर्माण होते. वेग कमी असताना ती निघून जाते. महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना मात्र ती साठत जाते, रबर व आतील धाग्यांचे थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. म्हणजे कमी हवा आणि अधिक वेग यांची सांगड कधीही घालू नये.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर उत्पादकाने दिलेल्या पट्टीवर रिकाम्या व भरलेल्या वाहनासाठी दाब नमूद असतो. तो आधार धरून जीप किंवा कारसाठी पुढील आडाखे उपयोगी पडतात :

• डांबरी रस्ता : भारानुसार पट्टीवरील पूर्ण दाब.
• मुरूम व खडीचा रस्ता : दाब १० ते १५ टक्के कमी, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.
• वाळू किंवा मऊ माती : दाब २५ ते ३० टक्के कमी, वेग ताशी २० ते २५ किलोमीटर, तीव्र वळण टाळावे, कारण कमी हवेचा टायर रिमवरून सुटू शकतो.
• पक्क्या रस्त्यावर परतताच हवा पुन्हा पूर्ण भरावी.

जवळ हवा भरण्याचा छोटा पंप नसेल, तर हवा कमी करूच नये. बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा पंप आणि स्वतःचे प्रेशर गेज ही दोन साधने प्रत्येक सर्वेक्षण वाहनात असलीच पाहिजेत. माल भरलेल्या पिकअपच्या मागील टायरमधील हवा मात्र कोणत्याही रस्त्यावर कमी करू नये. तो टायर पूर्ण दाब गृहीत धरूनच तेवढा भार पेलत असतो.

हवा नेहमी सकाळी, वाहन चालण्याआधी तपासावी. तापमान सुमारे ६ अंशांनी वाढले की दाब १ पीएसआयने वाढतो. बेंगळुरूत पहाटे १८ अंश सेल्सिअसला भरलेली हवा सोलापुरात मे महिन्यातील ४२ अंशांच्या दुपारी केवळ हवामानामुळे सुमारे ४ पीएसआयने अधिक दिसेल. धावण्याने आलेली उष्णता त्यात आणखी भर घालील. ही वाढ स्वाभाविक असते. गरम टायरमधील ‘जादा’ हवा काढून टाकली, तर रात्री टायर थंड होताच तो कमी हवेचा ठरतो.

काटे, दगड आणि चाकोरी

दख्खनच्या पठारावर पंक्चरचे मोठे कारण म्हणजे बाभूळ व वेडी बाभूळ यांचे काटे. कुंपणासाठी छाटलेल्या फांद्या बांधावर पसरलेल्या असतात आणि वाळलेला काटा अधिक टणक असतो. ट्यूबलेस टायरमध्ये काटा किंवा खिळा रुतलेला दिसला, तर तो लगेच उपसू नये. अनेकदा तोच बूच म्हणून काम करतो आणि हवा हळूहळू जाते. हवा तपासत, कमी वेगाने सुरक्षित ठिकाणी पोहोचून मगच पट्टीचा संच वापरावा. पट्टी फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातील लहान छिद्रासाठी असते. टायरच्या बाजूला चीर गेली असेल किंवा फुगा आला असेल, तर आतील धागे तुटलेले असतात; असा टायर दुरुस्त करून पुन्हा वेगाने चालवणे जिवावर बेतू शकते.

खोल चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर शक्य तेथे चाके चाकोरीच्या काठावरून न्यावीत. चाकोरीत उतरलेल्या टायरची बाजू दगडी काठाला घासते, आणि टायरचा सर्वांत दुबळा भाग तोच असतो. टोकदार दगड टाळता येत नसेल, तर तो दोन चाकांच्या मध्ये घेण्याऐवजी, वाहनाचा खालचा भाग वाचावा म्हणून, टायरच्या नक्षीवरून सावकाश न्यावा. आडवा दगड आला म्हणून ऐन वेळी जोराने ब्रेक लावू नये. ब्रेक लावलेले चाक दगडावरून घसरते आणि कापले जाते.

नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की खाचांतील उंचवटे नक्षीच्या पातळीला येतात. कायद्याने ही शेवटची मर्यादा आहे. चिखलाच्या रस्त्यावर त्याच्या बऱ्याच आधी टायर निकामी ठरतो. टायर केवळ कडांना झिजत असेल तर हवा कमी राहते, केवळ मध्यभागी झिजत असेल तर ती जास्त राहते, आणि एकाच कडेला झिजत असेल तर अलाइनमेंट बिघडलेले असते, असे सहसा समजावे. दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करावी आणि त्या वेळी स्टेपनीची हवाही तपासावी. मऊ जमिनीत जॅक रुतू नये म्हणून त्याखाली ठेवण्यासाठी एक जाड फळी गाडीत असावी.

दुचाकी आणि ट्रॅक्टर

विस्तार कार्यकर्त्यांचा बराचसा प्रवास दुचाकीवरून होतो. आऱ्यांच्या चाकात ट्यूब असते. येथे हवा फार कमी केली, तर टायर रिमवर सरकतो, त्याच्याबरोबर ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते. म्हणून अशा दुचाकीत हवा कमी करण्याचा उपाय शक्यतो योजू नये. वेग कमी करावा. पंक्चर काढताना ट्यूब बदलून भागत नाही, कारण काट्याचे टोक टायरमध्येच राहते. टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवावा. जेथे तो अडकेल तेथे काटा असतो. बोट फिरवू नये.

ट्रॅक्टरच्या बाबतीत हवेचा संबंध थेट जमिनीच्या आरोग्याशी येतो. वरच्या थरातील मातीवर पडणारा दाब मुख्यतः टायरमधील हवेवर अवलंबून असतो, तर खोलवर होणारे घट्टीकरण चाकावरील एकूण भारावर. उत्पादकाच्या पुस्तिकेत शेतकाम आणि वाहतूक यांसाठी वेगवेगळे दाब दिलेले असतात. ट्रॉली ओढताना भरलेली हवा तशीच ठेवून नांगरणी केली, तर चाक अधिक घसरते, डिझेल जास्त लागते आणि वरची माती दडपली जाते. उलट शेतातील कमी हवेनिशी उसाची भरलेली ट्रॉली रस्त्यावर ओढली, तर टायर तापतो. भरलेली ट्रॉली ओल्या शेतात नेल्यास खोलवर झालेले घट्टीकरण एका नांगरटीने निघत नाही.

टायरला चिकटलेली माती

कीटकशास्त्राच्या दृष्टीने टायरची आणखी एक बाजू आहे. खाचांत भरलेला चिखल म्हणजे एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणारी माती होय. तिच्यासोबत तणांचे बी, सूत्रकृमी आणि मर रोगाच्या बुरशीचे बीजाणू जातात. गाजरगवत १९५५ साली पुण्यात प्रथम नोंदवले गेले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या नियंत्रणासाठी १९८३ साली मेक्सिकन भुंगेरे बेंगळुरूत आणावे लागले. या तणाचे एक झाड हजारो बारीक बिया देते आणि वाहनांना चिकटलेला चिखल हा तिच्या प्रसाराचा एक मार्ग आहे. केळीवरील मर रोगाचा टीआर-४ हा घातक प्रकार २०१५ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या टुली भागात आढळला, तेव्हा तेथील बागायतदारांनी वाहनांना बागेबाहेर थांबवण्याची आणि चाके धुण्याची व्यवस्था केली. हाच प्रकार भारतात बिहार व उत्तर प्रदेशातील केळी पट्ट्यात पोहोचला आहे. जळगाव, नांदेड किंवा सोलापूर येथील केळी उत्पादकाने ही खबरदारी आताच घ्यावी.

यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. वाहन बागेबाहेर ठेवावे. दिवसाच्या फेरीत निरोगी शेते आधी आणि रोगट शेते शेवटी घ्यावीत. शेत सोडण्यापूर्वी खुरपीने व ताठ ब्रशने टायर आणि मडगार्डमधील चिखल तेथेच काढावा, मग पाण्याने धुवावे. जंतुनाशक वापरायचे असल्यास ते चिखल काढल्यानंतरच वापरावे. मातीच्या थराखाली त्याचा परिणाम होत नाही.

जुना टायर

वाहनावरून उतरलेला टायर गोठ्यामागे पडून राहतो आणि पावसाचे पाणी धरतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांसाठी ही आदर्श जागा ठरते. मादी पाण्याच्या पातळीलगत ओलसर भिंतीवर अंडी घालते. ही अंडी कोरड्यात काही महिने टिकतात आणि पाणी येताच उबतात. त्यामुळे टायरमधील पाणी एकदा ओतून दिले म्हणजे धोका टळला असे होत नाही. जुन्या टायरांच्या जागतिक व्यापारातूनच आशियाई टायगर डास दूरदेशी पोहोचला. १९८५ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे त्याची वसाहत आढळली.

मुरघासाच्या खड्ड्यावरील प्लास्टिक दाबण्यासाठी किंवा पत्र्यावर वजन म्हणून टायर वापरायचे असतील, तर त्यांना खालच्या बाजूने भरपूर छिद्रे पाडावीत किंवा ते उभे चिरून घ्यावेत. थंडीच्या लाटेत द्राक्षबागेत शेकोटी करताना टायर जाळू नयेत. त्यांचा धूर माणसाला अपायकारक असतो. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या टायरांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादक व आयातदारांवर टाकण्यात आली आहे. त्यामुळे नवा टायर घेताना जुना विक्रेत्याकडेच द्यावा.

पावसाळ्यापूर्वीच्या तयारीत बियाणे, खते आणि सापळे यांच्या यादीत आणखी एक ओळ वाढवावी : टायरचे वय, नक्षीची खोली, स्टेपनीची हवा, गेज, पंप, पट्टीचा संच, खुरपी आणि ब्रश. हंगामात रोज सकाळी हवा तपासायला पाच मिनिटे लागतात. ट्रायकोकार्ड अंडी उबण्याआधी शेतात पोहोचावे, यासाठी ही पाच मिनिटे फार नाहीत.